कायद्यांतील एक कलम आणि माणसाचा विवेक

(नभोवाणीवरील भाषण)

युद्ध सुरू झालें कीं सरकारला दोन गोष्टींची निकड लागते : पैसा आणि माणसें. पैसा कर्जानें आणि करांनीं उभा राहतो. माणसें प्रथम स्वखुषीनें येतात, आणि स्वखुषीचा ओघ आटला कीं सक्तीनें आणावीं लागतात. त्या वेळीं सहस्रावधि तरुणांच्या रांगेंतून एखादा पुढें होऊन म्हणतो, "मला भीति वाटते म्हणून नव्हे, पण मनुष्यहत्या हें पाप आहे असें माझें मन मला सांगतें, म्हणून मी बंदूक धरणार नाहीं." अशा माणसाचें सरकारनें काय करावें? त्याला तुरुंगांत टाकावें, गोळी घालावी, कीं त्याच्या मनाचा मान राखावा? हा प्रश्न केवळ नीतिशास्त्राच्या पुस्तकांतला नाहीं. पहिल्या महायुद्धांत तो इंग्लंडच्या पार्लमेंटापुढें उभा राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां आला. दोन्ही वेळीं कॉमन्स सभेंत बसून त्याचा विचार करणारे एक गृहस्थ होते, टॉमस एडमंड हार्वे. त्यांच्या कार्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम शब्दाचा खुलासा करूं. अशा माणसाला इंग्रजींत 'कॉन्शन्शस ऑब्जेक्टर' म्हणतात. मराठींत त्याला सुटसुटीत प्रतिशब्द रूढ झालेला नाहीं. आजच्या भाषणापुरतें आपण त्याला 'विवेकनिष्ठ' म्हणूं. गंमत अशी कीं, हा शब्द रणांगणावरून आलेला नाहीं. तो देवीच्या लशीवरून आला. इंग्लंडांत मुलांना देवी काढून घेण्याची सक्ती होती आणि पुष्कळ आईबापांचा तिला कसून विरोध होता. १८९८ च्या कायद्यानें अशी सवलत दिली कीं, ज्याचें मन लस टोंचून घेण्यास खरोखरच कबूल होत नसेल, त्यानें मॅजिस्ट्रेटांची तशी खात्री पटवावी, म्हणजे त्याच्या मुलाला सूट मिळेल. मनाची साक्ष ही कायद्याच्या कचेरींत दाखल करण्याची वस्तु आहे, हें तत्त्व असें लशीच्या निमित्तानें मान्य झालें. पुढें अठरा वर्षांनीं तेंच तत्त्व युद्धाच्या कायद्यांत आलें.

हार्वे यांचा जन्म १८७५ सालीं लीड्स येथें झाला. त्यांचें घराणें क्वेकर पंथाचें. हे लोक स्वतःला 'मित्रसमाज' म्हणवितात. त्यांच्या उपासनेंत पुरोहित नसतो. सारे जण शांत बसतात आणि ज्याला अंतःकरणांतून प्रेरणा होईल तो बोलतो. प्रत्येक माणसांत ईश्वराचा अंश आहे अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळें कोणावरही शस्त्र उचलावयाचें नाहीं, हा नियम हा पंथ सतराव्या शतकापासून सांगत आला आहे. परंतु ही मंडळी हात जोडून स्वस्थ बसणारी नव्हेत. तुरुंगसुधारणा, गुलामांची मुक्तता, दुष्काळांतील मदत, अशा प्रत्येक कामांत त्यांचा वांटा मोठा आहे. हार्वे यांच्या स्वभावांतही हे दोन धागे एकत्र विणलेले होते.

ब्रिटिश म्यूझियममधील नोकरी सोडून १९०४ मध्यें ते पूर्व लंडनमधील टॉयन्बी हॉल या संस्थेंत आले आणि १९०६ पासून १९११ पर्यंत तिचे प्रमुख होते. ही संस्था १८८४ मध्यें कॅनन बार्नेट यांनीं व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तींत स्थापन केली. विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या तरुणांनीं गरिबांच्या शेजारीं येऊन राहावें, त्यांना शिकवावें आणि त्यांच्यापासून शिकावें, अशी तिची कल्पना होती. दूरून दान टाकणें निराळें आणि एकाच गल्लींत राहून शेजाऱ्याची चूल कां पेटली नाहीं हें पाहणें निराळें. या संस्थेंतून बाहेर पडलेल्या माणसांचीं नांवें पाहिलीं म्हणजे तिचें महत्त्व कळतें. विल्यम बेव्हरिज हे १९०३ ते १९०५ या काळांत तेथें उपप्रमुख होते. आणि हार्वे यांच्याच कारकीर्दींत, १९०९-१० मध्यें, क्लेमंट ॲटली नांवाचा एक तरुण तेथें सेक्रेटरी होता.

१९१० मध्यें हार्वे लिबरल पक्षातर्फें लीड्स शहराच्या पश्चिम विभागांतून कॉमन्स सभेंत निवडून आले. तो काळ समाजकल्याणाच्या कायद्यांचा होता. १९०८ मध्यें सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तींत जास्त पांच शिलिंग पेन्शन देण्याचा कायदा झाला होता. १९११ मध्यें आजारपण आणि बेकारी यांच्यासाठीं विम्याचा कायदा झाला. टॉयन्बी हॉलमध्यें ज्यांनीं वृद्ध आणि बेकार डोळ्यांनीं पाहिले होते, त्यांना या कलमांमागचीं माणसें दिसत होतीं.

आणि मग १९१४ सालचा ऑगस्ट उजाडला. ३ ऑगस्टला, इंग्लंड युद्धांत उडी घेणार हें उघड झालें असतां, सभागृहांत जे थोडे सभासद उठून विरोधांत बोलले त्यांत हार्वे होते. हें युद्ध जनतेनें मागितलेलें नाहीं, उच्चासनावरील मुत्सद्द्यांनीं तें ओढवून आणलें आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. दुसऱ्या दिवशीं युद्ध पुकारलें गेलें. पण भाषण करून हार्वे घरीं बसले नाहींत. क्वेकर मंडळींनीं युद्धपीडितांसाठीं जी मदतसमिति काढली, तिच्या कामासाठीं ते फ्रान्समध्यें गेले. मार्न नदीच्या कांठीं खेडींच्या खेडीं जळून गेलीं होतीं. तेथें लांकडाचीं घरें उभारावयाचीं, शेतकऱ्यांना बियाणें आणि अवजारें पुरवावयाचीं, आजाऱ्यांची शुश्रूषा करावयाची, हें त्या समितीचें काम. जो शस्त्र धरीत नाहीं त्याचे हात रिकामे नसतात, हें त्यांनीं असें दाखवून दिलें.

१९१६ च्या जानेवारींत पंतप्रधान ॲस्क्विथ यांनीं सक्तीच्या सैन्यभरतीचें बिल आणलें. ब्रिटनमध्यें ही गोष्ट नवीन होती. गृहमंत्री सर जॉन सायमन यांनीं तर या मुद्द्यावर राजीनामा दिला. दुसऱ्या वाचनाला ४३१ विरुद्ध ३९ मतें पडलीं. म्हणजे बिल अडविण्याची आशा नव्हती. अशा वेळीं अल्पसंख्याकाला दोन मार्ग उरतात. एक, निषेध नोंदवून बाहेर पडावें. दुसरा, आंत राहून कायद्याची धार जेवढी बोथट करतां येईल तेवढी करावी. हार्वे आणि त्यांचे मेहुणे अर्नोल्ड राउंट्री या दोघांनीं दुसरा मार्ग पत्करला.

मूळ योजनेंत विवेकनिष्ठाला सूट होती, परंतु तिचा झोंक प्रत्यक्ष लढण्यापुरती सूट देण्याकडे होता. म्हणजे गणवेष चढवावयाचा आणि सैन्यांतच ओझीं वाहावयाचीं किंवा रस्ते खोदावयाचे. ज्याला सैन्याची चाकरीच पाप वाटते त्याला ही सूट कसली? हार्वे आणि राउंट्री यांच्या खटपटीनें कायद्यांत असें कलम आलें कीं, अर्जदार राष्ट्रीय महत्त्वाचें दुसरें एखादें काम करीत असेल तर त्या अटीवर त्याला सूट देतां यावी. शेती, जंगल, शिक्षण, इस्पितळ, युद्धपीडितांची मदत, अशीं तीं कामें. कोणतें काम त्यांत बसतें हें ठरविण्यासाठीं पेल्हम यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तिच्यावर हार्वे यांनीं काम केलें. सुमारें ४,००० माणसांचीं प्रकरणें तिच्या हाताखालून गेलीं.

कलम चांगलें होतें. अंमल वाईट झाला. अर्ज ऐकण्यासाठीं गांवोगांव न्यायमंडळें बसलीं. त्यांत स्थानिक पुढारी, दुकानदार, कौन्सिलर असे लोक. सैन्याचा प्रतिनिधि तेथें हजर असे आणि त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार असे. "तुझ्या आईवर जर्मन शिपाई धांवून आला तर तूं काय करशील?" हा प्रश्न ठरलेला. तरुणानें काय उत्तर द्यावें? आईला वांचवीन म्हटलें तर ढोंगी ठरतो, वांचविणार नाहीं म्हटलें तर राक्षस ठरतो. श्रोतेहो, परीक्षकानेंच कोणतेंही उत्तर चूक ठरेल असा प्रश्न काढला, तर ती परीक्षा विद्यार्थ्याची राहत नाहीं. आम्हां शाळामास्तरांना हें सांगण्याची गरज नाहीं. परिणाम असा झाला कीं, कायद्यानें दिलेलें न्यायमंडळानें हिरावून घेतलें. सुमारें १६,००० विवेकनिष्ठांपैकीं ६,००० च्या आसपास लोकांना लष्करी न्यायालयापुढें जावें लागलें. हुकूम मोडला म्हणून शिक्षा, शिक्षा संपली कीं पुन्हां छावणींत, पुन्हां हुकूम, पुन्हां शिक्षा, असें हें चक्र फिरत राहिलें. १९१६ च्या जूनमध्यें फ्रान्समध्यें नेलेल्या ३० हून अधिक तरुणांना मरणाची शिक्षा वाचून दाखविण्यांत आली आणि लगोलग ती दहा वर्षांच्या सक्तमजुरींत बदलण्यांत आली. तुरुंगाच्या हालांनीं सुमारें ७० माणसें दगावलीं.

येथें हार्वे यांच्यावर दोन्ही बाजूंनीं मारा झाला. युद्धवादी म्हणत, हा भेकडांचा वकील. आणि खुद्द युद्धविरोधी लोकांतील कडवे म्हणत, याच गृहस्थानें सरकारशीं तडजोड केली. त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. मी शेतांत नांगर धरला आणि त्यामुळें सुटलेला दुसरा मजूर खंदकांत गेला, तर मी युद्धाला मदत केली नाहीं काय? सक्तीच्या कायद्यांतील सूट घेणें म्हणजे सक्तीला मान्यता देणें नव्हे काय? असें म्हणणारे तरुण तुरुंगांत गेले. कलकत्त्यांत जन्मलेले आणि पुढें हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे खंदे पुरस्कर्ते झालेले फेनर ब्रॉकवे हे त्यांपैकीं एक. क्वेकर पंथांतही या मुद्द्यावर दोन तट पडले.

मला स्वतःला काय वाटतें तें सांगतों. पूर्ण नकार देणाऱ्यांचें तेज मोठें होतें, यांत शंका नाहीं. परंतु प्रत्येक विवेकनिष्ठ हा धीरोदात्त वीर नसतो. एखादा खेड्यांतला शिक्षक, एखादा कारकून, ज्याला मारावयाचें नाहीं पण ज्याच्या घरीं म्हातारी आई आहे, त्यानें काय करावें? त्याला सन्मानानें जगण्याची एक वाट कायद्यांत असावी, एवढेंच हार्वे यांचें मागणें होतें. हुतात्म्याचें मोल कमी न लेखतां सामान्य माणसासाठीं दार किलकिलें करून ठेवणें, हेंही कोणीं तरी करावयास हवें. तें काम टाळ्या मिळविणारें नसतें.

तुरुंगांत गेलेल्यांचे श्रमही वायां गेले नाहींत. ब्रॉकवे आणि स्टीफन हॉबहाउस या दोघांनीं तुरुंगांतून सुटल्यावर इंग्लंडमधील तुरुंगांची कसून चौकशी केली आणि १९२२ मध्यें तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुशिक्षित माणूस कोठडींत गेला म्हणजे कोठडीचें वर्णन बाहेर येतें. तुरुंगसुधारणेला त्या ग्रंथानें मोठी चालना दिली.

लोकमताचा राग मात्र लवकर निवळला नाहीं. १९१७ च्या नोव्हेंबरांत, मताधिकाराचा विस्तार करणारें बिल चालू असतां, विवेकनिष्ठांचा मतदानाचा हक्क पांच वर्षें काढून घ्यावा असा ठराव कॉमन्स सभेनें २०९ विरुद्ध १७१ मतांनीं संमत केला. ज्याला कायद्यानेंच सूट दिली, त्याला ती घेतल्याबद्दल शिक्षा! लॉर्ड ह्यू सेसिल हे सनातनी वळणाचे आणि युद्धाचे पाठीराखे. पण तेही या अन्यायाविरुद्ध तळमळीनें बोलले. १९१८ च्या निवडणुकीनंतर हार्वे सभागृहांत राहिले नाहींत. १९२३ मध्यें ते ड्यूस्बरीहून एक वर्षापुरते परत आले, आणि नंतर पुन्हां बाहेर पडले.

त्यांचें तिसरें आगमन आपल्याकडील श्रोत्यांना ऐकण्याजोगें आहे. त्या वेळीं इंग्लंडांत विद्यापीठांच्या पदवीधरांना स्वतंत्र जागा असत. आपल्या विधान परिषदेंतील पदवीधर मतदारसंघाप्रमाणेंच समजा. इंग्लंडमधील संयुक्त विद्यापीठांच्या मतदारसंघाचे एक प्रतिनिधि सर रेजिनाल्ड क्रॅडॉक हे १९३७ मध्यें वारले. हे तेच क्रॅडॉक, जे १९०७ ते १९१२ पर्यंत मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते आणि ज्यांच्या नांवानें नागपूरची धंतोली एके काळीं क्रॅडॉक टाऊन म्हणून ओळखली जाई. हिंदुस्थानला अधिकार देण्याच्या ते कडवे विरोधक. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर हार्वे स्वतंत्र पुरोगामी म्हणून निवडून आले आणि १९४५ पर्यंत राहिले.

लवकरच दुसरें महायुद्ध आलें. परंतु या वेळीं कायद्याची भाषा पालटली होती. १९३९ च्या मे महिन्यांत पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनीं सभागृहांत कबूल केलें कीं, माणसाला त्याच्या तत्त्वांविरुद्ध वागावयास भाग पाडण्याचा प्रयत्न म्हणजे वेळेचा आणि श्रमांचा चीड आणणारा अपव्यय आहे, हें मागील युद्धानें शिकविलें. चेंबरलेन स्वतः पहिल्या युद्धांत बर्मिंगहॅमच्या न्यायमंडळावर बसले होते. म्हणजे हा धडा त्यांनीं पुस्तकांतून घेतलेला नव्हता. आतां न्यायमंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असे, कामगारसंघांचा सल्ला घेऊन एक सभासद नेमला जाई, सैन्याचा प्रतिनिधि तेथें नसे, आणि वर अपिलाची सोय होती. बिनशर्त सूट, नागरी कामाच्या अटीवर सूट, सैन्यांतील बिनलढाऊ काम, अथवा अर्ज नामंजूर, असे चार निकाल संभवत. लष्करी न्यायालयानें तीन महिने वा अधिक शिक्षा केलेल्यालाही पुन्हां अपील-मंडळापुढें जाण्याचा मार्ग ठेवला होता; त्यामुळें तें शिक्षेचें चक्र बव्हंशीं थांबलें. या युद्धांत विवेकनिष्ठांची संख्या सुमारें ६०,००० झाली, पण तुरुंगाचें प्रमाण उलट घसरलें. पहिल्या युद्धांत शंभरांतील तीसजण तुरुंगांत गेले असतील तर दुसऱ्यांत तीन. शेंकडों विवेकनिष्ठांनीं न फुटलेले बाँब निकामी करण्याचें जिवावरचें काम आपण होऊन पत्करलें. भेकड हा शब्द आतां सहज उच्चारतां येईना.

तथापि कलम कितीही चांगलें असलें तरी त्यावर पहारा ठेवावा लागतो. कोठें नगरपालिकेनें विवेकनिष्ठ शिक्षकाला कामावरून काढावें, कोठें पोटगीचा प्रश्न निघावा, अशा गोष्टी घडतच. १९४१ मध्यें तर बी.बी.सी.नें शांततावादी मतांच्या गायकवादकांनाही कार्यक्रम देण्याचें बंद केलें. नभोवाणीवर बोलतांना या प्रकरणाचा उल्लेख टाळणें मला योग्य वाटत नाहीं. सभागृहांत यावर गदारोळ झाला, आणि २० मार्च १९४१ रोजीं पंतप्रधान चर्चिल यांनींच सांगितलें कीं, छळ आणि माणसांची शिकार ब्रिटिश जनतेला किळसवाणी वाटते. बंदी उठली. लंडनवर बाँब पडत असतां, युद्धाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता युद्धविरोधकांच्या हक्कासाठीं उभा राहतो, हें दृश्य विलक्षण खरें.

पण या न्यायाला एक सीमा होती, आणि ती आपल्या देशाच्या किनाऱ्यावर येऊन थांबत होती. १९४० च्या सप्टेंबरांत महात्मा गांधी सिमल्याला व्हॉइसरॉय लिनलिथगो यांना भेटले. हिंदी माणसाला युद्धाविरुद्ध बोलण्याचें स्वातंत्र्य असावें, एवढी त्यांची मागणी. व्हॉइसरॉयांनीं उत्तरांत इंग्लंडमधील विवेकनिष्ठांचाच दाखला दिला : तेथेंही अशा माणसाला लढण्यापासून सूट मिळते, स्वतःचें मत बोलतां येतें, पण इतरांना युद्धकार्यापासून परावृत्त करतां येत नाहीं. ज्या राष्ट्राला न विचारतां युद्धांत ओढलें, त्याला हें माप कसें पुरावें? १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वर्ध्याजवळ पवनार येथें विनोबा भावे यांनीं पहिलें युद्धविरोधी भाषण केलें, आणि चार दिवसांनीं ते कैदेंत गेले. हार्वे यांच्या कलमाचें मोल यानें कमी होत नाहीं. मात्र व्यक्तीच्या विवेकाला मान देणें आणि राष्ट्राच्या विवेकाला मान देणें यांत केवढें अंतर आहे, तें दिसून येतें.

शेवटीं समाजकल्याणाच्या धाग्याकडे वळूं. संयुक्त विद्यापीठांच्या दुसऱ्या प्रतिनिधि एलिनॉर रॅथबोन होत्या; आपल्याकडील बालविवाहावर पुस्तक लिहिणाऱ्या त्याच. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीनें १९४५ मध्यें कुटुंबभत्त्याचा कायदा झाला आणि पहिलें सोडून प्रत्येक मुलामागें आठवड्याला पांच शिलिंग मिळूं लागले. १९४२ च्या डिसेंबरांत बेव्हरिज यांचा समाजविम्याचा अहवाल आला. रॅथबोनबाई युद्धाच्या कट्टर समर्थक, हार्वे कट्टर विरोधक. एकाच मतदारसंघानें दोघांना पाठविलें होतें. १९४५ मध्यें ॲटली पंतप्रधान झाले; त्यांच्याच कारकीर्दींत आपल्याला स्वातंत्र्य मिळालें आणि ५ जुलै १९४८ रोजीं इंग्लंडांत सर्वांसाठीं मोफत वैद्यकीय सेवा सुरू झाली. हे ॲटली गॅलिपोलीला लढले होते. त्यांचे सख्खे भाऊ टॉम मात्र पहिल्या युद्धांत विवेकनिष्ठ म्हणून तुरुंगांत होते. एका आईचे दोन मुलगे, एक खंदकांत आणि एक कोठडींत. दोघांतील खोटा कोण, असें विचारलें तर काय उत्तर द्यावें?

गरीब म्हाताऱ्याला पेन्शन मिळावी आणि युद्धविरोधकाला सूट मिळावी, या दोन मागण्या वरवर पाहतां निराळ्या दिसतात. हार्वे यांच्या दृष्टीनें त्यांचें मूळ एकच असावें असें मला वाटतें. राज्यानें माणसाकडे कोणत्या नजरेनें पाहावें, हा तो प्रश्न. कारखान्याला उपयोग संपला म्हणून म्हातारा टाकाऊ ठरत नाहीं. सैन्याला उपयोग नाहीं म्हणून विवेकनिष्ठही टाकाऊ ठरत नाहीं. दोघांचेंही मोल त्यांच्या उपयोगावर मोजावयाचें नसतें.

हार्वे १९५५ मध्यें वारले. त्यांच्या नांवाचा गाजावाजा कधीं झाला नाहीं. त्यांनीं कोणतेंही युद्ध थांबविलें नाहीं आणि त्यांचें मत सभागृहांत नेहमींच अल्पसंख्य राहिलें. परंतु बहुमताचा कायदा अटळ दिसत असतां त्यांत चार ओळी घालून घेणें, आणि मग त्या चार ओळी कागदावरच राहूं नयेत म्हणून झटत राहणें, एवढें काम त्यांनीं निष्ठेनें केलें. आपल्याही घरांत, शाळेंत, गांवांत सर्वांनीं एकमतानें कांहीं ठरविलें असतां एखादा माणूस शांतपणें "नाहीं" म्हणतो. तो बरोबर असेलच असें नाहीं. पण त्याला उत्तर देण्यापूर्वीं त्याचें म्हणणें पुरतें ऐकून घेण्याइतका अवकाश आपल्या नियमांत ठेवला आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें एकदां तपासून पाहावें.